लाळेच्या तपासणीने बायोप्सी टाळता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या वडिलांचे वय ५८ आहे आणि तीस वर्षांपासून ते तंबाखू-चुना खातात. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढांसमोर, दोन महिन्यांपासून पांढरट चट्टा आहे आणि तिखट खाल्ले की तिथे झोंबते. दंतवैद्यांनी बायोप्सी, म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासणे, सुचवली, पण ‘चिरा लावला की पसरतं’ या समजुतीमुळे वडील तयार नाहीत. अशातच एका नातेवाइकाने घरूनच लाळ पाठवून तोंडाचा आणि इतरही कॅन्सर ओळखून देणाऱ्या एका किटची जाहिरात पाठवली. लाळेचा रिपोर्ट चांगला आला तर बायोप्सी टाळता येईल का, आणि त्याच लाळेतून मधुमेहासारखे इतर आजारही कळतील का, असे त्यांनी विचारले आहे.

मी मुखरोगनिदान या शाखेत काम करतो आणि तंबाखू, मिश्री, मावा, खर्रा यांनी झालेले चट्टे पाहणे हा माझा रोजचा उद्योग आहे. त्यामुळे उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. तुम्ही वर्णन केलेल्या स्थितीत लाळेच्या कोणत्याही चाचणीचा निगेटिव्ह रिपोर्ट बायोप्सीची जागा घेऊ शकत नाही. पॉझिटिव्ह आला तरी शेवटी बायोप्सीच करावी लागेल. म्हणजे रिपोर्ट काहीही आला तरी पुढचे पाऊल तेच राहते, आणि निर्णय न बदलणाऱ्या चाचणीवर पैसे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन-तीन आठवडे खर्च करण्यात अर्थ नसतो.

लाळेचे शास्त्र खोटे आहे, असा मात्र याचा अर्थ घेऊ नका. उलट ते फार रंजक आहे, आणि नेमके ते समजून घेतले की ते कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही हे आपोआप स्पष्ट होते.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात सुमारे ९९ टक्के पाणीच असते, पण उरलेल्या भागात प्रथिने, प्रतिपिंडे, संप्रेरके, जंतू, गळून पडलेल्या पेशी आणि त्या पेशींतला डीएनए व आरएनए असा बराच ऐवज असतो. हा ऐवज तीन वाटांनी येतो. काही रेणू रक्तातून लाळग्रंथींमार्गे झिरपतात. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकासारखे लहान, स्निग्ध पदार्थांत विरघळणारे रेणू सहज येतात, तर रक्तातली मोठी प्रथिने फार थोडी येतात. काही पदार्थ हिरड्यांच्या फटींतून पाझरणाऱ्या द्रवातून येतात. आणि तोंडाच्या अस्तरावर जखम किंवा गाठ असेल तर तिच्या पेशी व त्यांचे तुकडे थेट लाळेत पडतात. तोंडाच्या कॅन्सरसाठी लाळ तपासण्याची कल्पना या तिसऱ्या वाटेवर उभी आहे, आणि ती तर्काला धरून आहे.

या क्षेत्राला गती मिळाली ती लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉ. डेव्हिड वाँग यांच्या गटामुळे. २००४ मध्ये त्यांनी दाखवले की तोंडाचा कॅन्सर असलेल्यांच्या लाळेत इंटरल्यूकिन-८, इंटरल्यूकिन-१ बीटा यांसारख्या सात आरएनए रेणूंचे प्रमाण वाढलेले असते, आणि त्यांतले चार एकत्र वापरले तर रुग्ण आणि निरोगी माणूस यांच्यात सुमारे ९१ टक्के अचूकतेने फरक करता येतो. २००८ मध्ये याच गटाने लाळेतल्या पाच प्रथिनांचा संच सुचवला. त्याने ९० टक्के रुग्ण ओळखले आणि ८३ टक्के निरोगी लोकांना बरोबर ‘निरोगी’ म्हटले. २०१५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील संशोधकांनी डोके व मान या भागांतील कॅन्सरच्या ९३ रुग्णांची लाळ आणि त्यांतल्या काहींचे रक्त तपासले. ज्यांचा कॅन्सर मुखपोकळीत होता त्या सर्वांच्या लाळेत गाठीचा डीएनए सापडला, घशातल्या गाठींमध्ये मात्र हे प्रमाण बरेच कमी होते. हे सगळे आकडे खरे आहेत, आणि जाहिरातींत ‘९० टक्के अचूक’ असे जे छापतात त्याचा उगम अशाच अभ्यासांत असतो.

मग अडचण कुठे येते? पहिली अडचण तुलनेची आहे. अशा बहुतेक अभ्यासांत एका बाजूला निदान झालेले कॅन्सरचे रुग्ण असतात आणि दुसऱ्या बाजूला तोंड स्वच्छ असलेले निरोगी स्वयंसेवक. तुमचे वडील या दोन्हींत बसत नाहीत. त्यांच्या तोंडात तीस वर्षांचा तंबाखू आहे, बहुधा हिरड्याही सुजलेल्या असतील, आणि एक चट्टा आहे ज्याचे स्वरूप अजून ठाऊक नाही. इंटरल्यूकिन-८ आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे मुळात दाहाचे रेणू आहेत. हिरड्यांच्या जुनाट आजारात ते वाढतात, लायकेन प्लॅनससारख्या आजारातही वाढतात. आपल्याकडच्या चाळिशी ओलांडलेल्या तंबाखूखाऊ माणसाच्या हिरड्या निरोगी सापडणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे. तेव्हा चाचणीने ‘हे तोंड निरोगी नाही’ असे सांगितले तर त्यात नवे काही नाही, ते मला टॉर्च लावताच दिसते. ‘हा चट्टा साधा आहे की कॅन्सरकडे झुकलेला’ हे तिने सांगायला हवे, आणि तिथेच पुरावा सर्वांत तोकडा आहे.

दुसरी अडचण निव्वळ गणिताची आहे. उदाहरणासाठी आकडे गृहीत धरू. तुमच्या वडिलांसारखेच संशयास्पद चट्टे असलेले १०० जण आहेत आणि त्यांपैकी ३० जणांना खरोखर कॅन्सर आहे. चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर असली, तर ३० पैकी २७ सापडतील आणि ३ सुटतील. उरलेल्या ७० पैकी ६३ जणांना योग्य निगेटिव्ह रिपोर्ट मिळेल. म्हणजे ‘निगेटिव्ह’ हाती घेऊन निश्चिंत झालेल्या ६६ जणांमध्ये तिघांना कॅन्सर असेल, बावीस जणांमागे एक. मी माझ्या वडिलांसाठी हा धोका पत्करणार नाही. आता हीच चाचणी चट्टा नसलेल्या १०,००० तंबाखू खाणाऱ्यांवर वापरली आणि त्यांच्यात २० जणांना कॅन्सर आहे असे धरले, तर १८ सापडतील, पण ९९८ निरोगी लोकांनाही पॉझिटिव्ह रिपोर्ट जाईल. त्या हजारभर घरांतल्या झोपेचा हिशेब जाहिरातीत नसतो.

इथवरचा मुद्दा एवढाच की चट्टा डोळ्यांना दिसत असेल तर लाळ मागे पडते, आणि चट्टा नसेल तर आजची चाचणी खऱ्या रुग्णांपेक्षा कितीतरी अधिक निरोगी माणसांना घाबरवते. हे माझे एकट्याचे मत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१७ मध्ये सर्व पूरक चाचण्यांचा पुरावा तपासून डॉक्टरांना सांगितले की संशयास्पद चट्ट्याबाबत निर्णय घेण्यासाठी लाळेच्या चाचण्या वापरू नयेत. लगेच बायोप्सी करावी किंवा ती करणाऱ्याकडे रुग्णाला पाठवावे.

तिसरी अडचण नमुन्याची, आणि ती घरगुती किटबाबत फारच मोठी आहे. संशोधनासाठी आम्ही लाळ घेतो तेव्हा रुग्णाला सकाळी बोलावतो, आधी किमान तासभर खाणे, पिणे, दात घासणे, तंबाखू सगळे बंद असते. साध्या पाण्याने चूळ भरल्यावर त्याला मान खाली घालून बसवतो आणि लाळ नळीत आपोआप ठिबकू देतो. खाकरून थुंकू देत नाही, कारण मग त्यात कफ मिसळतो. नळी बर्फात ठेवलेली असते. लाळेत प्रथिने आणि आरएनए तोडणारी विकरे असल्यामुळे खोलीच्या तापमानाला आरएनए काही मिनिटांतच तुटू लागतो. हिरडीतून रक्त आले तर तो नमुना टाकून देतो, कारण मग आपण लाळ मोजतोय की रक्त हेच कळत नाही. चांगल्या किटमध्ये नमुना टिकवणारे रसायन असते हे मान्य, पण दुपारी जेवणानंतर, तंबाखूची गोळी नुकतीच थुंकून भरलेली नळी मे महिन्यात कुरियरने तीन दिवस फिरून गेली, तर तिच्या रिपोर्टवर मी सही करणार नाही.

लाळेची चाचणी खरोखर कुठे काम करते, हेही सांगायला हवे. जिथे शोधायचा पदार्थ लाळेत ठामपणे उतरतो आणि प्रश्न नेमका असतो तिथे ती उत्तम चालते. कुशिंग सिंड्रोम, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर वाढण्याचा आजार, याच्या संशयात रात्री अकरा-बाराच्या सुमारास लाळेतले कॉर्टिसॉल मोजणे ही अंतःस्रावतज्ज्ञांची मान्यताप्राप्त पद्धत आहे. त्या वेळी इस्पितळात सुई टोचून घेण्यापेक्षा घरी कापसाची गुंडाळी चघळणे सोपे, आणि टोचण्याच्या ताणाने कॉर्टिसॉल वाढण्याची भीतीही नाही. एचआयव्हीची तोंडातील द्रवावरची घरगुती चाचणी अमेरिकेत जुलै २०१२ मध्ये मंजूर झाली. इतक्या कसून तपासलेल्या चाचणीतही लोकांनी घरी वापरल्यावर बाधित असलेल्या साधारण बारा जणांमागे एक जण सुटत होता, म्हणून पॉझिटिव्ह आल्यास रक्ताने खात्री करणे आणि निगेटिव्ह असूनही अलीकडे धोका घडला असल्यास पुन्हा तपासणे हे तिच्या सूचनांतच होते. कोविडच्या काळात येल विद्यापीठाची लाळेवरची पद्धत ऑगस्ट २०२० मध्ये आपत्कालीन वापरासाठी मंजूर झाली, तेही आपल्या लक्षात असेल.

कॅन्सरच्या बाबतीत मला सर्वांत आशादायक वाटते ते ऑस्ट्रेलियातील एक उदाहरण. तिथल्या संशोधकांना एका लक्षणरहित माणसाच्या लाळेत एचपीव्ही-१६ या विषाणूचा डीएनए वारंवार आणि वाढत्या प्रमाणात सापडत राहिला. टॉन्सिल काढून तपासले तेव्हा आत अवघ्या दोन मिलिमीटरचा कॅन्सर निघाला. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. टॉन्सिलच्या खोबणीतली एवढी गाठ कुणाच्याही डोळ्यांना दिसली नसती, म्हणून तिथे लाळेने खरे काम केले. मात्र हा विषाणूजन्य घशाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांत अधिक आढळतो. आपल्याकडचा नेहमीचा कॅन्सर तंबाखू-सुपारीचा, गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेतला, नेमका जिथे माणूस गोळी धरतो तिथला. तो दिसतो, फक्त कुणी ओठ-गाल ओढून पाहिलेला नसतो.

स्तन, स्वादुपिंड, फुप्फुस अशा दूरच्या अवयवांचे कॅन्सर लाळेतून ओळखण्याचा दावा आणखी सावधपणे घ्यावा. जपानमध्ये केइओ विद्यापीठाच्या त्सुरुओका येथील प्रयोगशाळेने २०१० मध्ये लाळेतल्या चयापचयजन्य रेणूंवर चांगला अभ्यास केला, पण त्यात स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे रुग्ण १८ च होते. अशा अभ्यासावरून दिशा मिळते, घरपोच निदान मिळत नाही. आणि ‘लाळेतून जनुकीय कॅन्सर टेस्ट’ ही आणखी वेगळी वस्तू आहे. तिथे लाळ फक्त तुमचा जन्मजात डीएनए मिळवण्याचे साधन असते. बीआरसीएसारख्या जनुकात दोष आहे का, म्हणजे पुढे धोका किती, हे त्यातून कळते. आज कॅन्सर आहे का, हे कळत नाही. जाहिरातदार दोन्ही गोष्टी एकाच पानावर छापतात, म्हणून सांगितले. मधुमेहाबद्दल विचारलेत, तर लाळेतली साखर रक्तातल्या साखरेचा माग पुरेसा नीट काढत नाही. बोटाच्या थेंबाने उपाशीपोटी साखर आणि शिरेतल्या रक्ताने एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या. ते स्वस्तही आहे.

आता तुमच्या वडिलांकडे वळू. काही गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. चट्टा एकसारखा पांढरा आणि सपाट आहे, की मध्ये लाल ठिपके, खडबडीतपणा किंवा जखम आहे? बोटाने चाचपले तर कडक लागतो का? तोंड तीन बोटे उभी आत जातील इतके उघडते का, की सुपारीमुळे गाल आवळले आहेत? मानेत गाठ लागते का? दाढेची कड टोकदार होऊन तिथेच घासते आहे का? निव्वळ दातामुळे झालेली जखम असेल तर कड गुळगुळीत करून आणि तंबाखू बंद करून दोन आठवड्यांनी पुन्हा पाहतात. पण लाल-पांढरा मिश्र चट्टा, कडकपणा किंवा न भरणारी जखम असेल तर दोन आठवडेही थांबू नये. तुमच्याकडे दोन महिने झाले आहेत आणि झोंबते आहे, त्यामुळे मी थांबण्याच्या बाजूचा नाही.

बायोप्सीची भीती घालवायची तर ती कशी होते ते वडिलांना सविस्तर सांगा. नुसते ‘काही होत नाही’ म्हणून भागत नाही. दात काढताना देतात तेच सुन्न करण्याचे इंजेक्शन देतात. कधी निळे औषध लावून चट्ट्याचा सर्वांत संशयास्पद भाग निवडतात. मग कडेचा, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा घेतात, एक-दोन टाके घालतात, आणि माणूस अर्ध्या तासात बाहेर येतो. दोन दिवस तिखट-गरम टाळायचे, बस. तुकडा फॉर्मेलिनमध्ये जातो आणि आठवडाभरात रिपोर्ट येतो. चिरा लावल्याने कॅन्सर पसरतो, ही समजूत का रुजली हेही मला माहीत आहे: आपल्याकडे बरेच रुग्ण उशिरा, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात येतात, तेव्हा बायोप्सी होते, आणि त्यानंतर काही महिन्यांत जे घडते त्याचे खापर त्या चिऱ्यावर फुटते. उपचार ठरवायला तुकडा लागतोच. टाटा मेमोरियलसह जगातले कोणतेही कॅन्सर रुग्णालय त्याशिवाय शस्त्रक्रियेला किंवा किरणोपचाराला हात घालत नाही.

एवढे सांगूनही ते तयार नसतील, तर ब्रशने पेशी खरवडून तपासणे हा लाळेपेक्षा बरा मधला मार्ग आहे, कारण निदान पेशी त्याच चट्ट्याच्या असतात. त्यात संशय निघाला की बहुतेक माणसे बायोप्सीला तयार होतात, असा माझा अनुभव आहे. संशय निघाला नाही तरी चट्टा जाईपर्यंत पाहत राहावे लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे सगळे फार कमी खर्चात होते.

किट आधीच मागवले असेल, तर कंपनीला लेखी विचारा: अभ्यासात तुलना कोणाशी केली, निरोगी लोकांशी की पांढरे चट्टे असलेल्या तंबाखू खाणाऱ्यांशी? पहिल्या टप्प्यातले, दोन सेंटिमीटरच्या आतले कॅन्सर किती होते आणि त्यांतले किती सापडले? तो अभ्यास कंपनीबाहेरच्या कुणी पुन्हा करून पाहिला का? प्रयोगशाळेला एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे, हे यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर नव्हे. ती मान्यता प्रयोगशाळेच्या कामाच्या पद्धतीला असते. मोजलेला रेणू रुग्णाच्या उपयोगाचा आहे का, हे ती सांगत नाही.

तंत्रज्ञानाला कमी लेखतो असे वाटू नये म्हणून आणखी एक गोष्ट. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी भारतात ओठ व मुखपोकळीच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते, म्हणजे जगातल्या एकतृतीयांशाहून अधिक. या कॅन्सरचे मृत्यू तपासणीने कमी होतात हे ज्या मोठ्या चाचणीने दाखवले ती केरळात, तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झाली. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन उजेडात तोंडे पाहिली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. लाळेची कोणतीही चाचणी आज या निकालाच्या जवळपास नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाची अशी तोंडतपासणी सरकारी कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर होणे अपेक्षित आहे. तुमच्या घरात आणखी कुणी मिश्री लावत असेल किंवा मावा खात असेल, तर त्यांनाही याच वेळी दाखवून घ्या.

रिपोर्ट आला की त्यात ‘डिस्प्लेसिया’ (पेशींतला कॅन्सरपूर्व बदल) हा शब्द आहे का आणि असल्यास सौम्य, मध्यम की तीव्र, ते पाहा. कॅन्सर निघाला तर त्याच आठवड्यात कॅन्सर रुग्णालय गाठायचे. डिस्प्लेसिया निघाला तर तंबाखू पूर्ण बंद, चट्टा काढायचा की नाही याचा निर्णय तज्ज्ञांबरोबर घ्यायचा, आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायचे. अशा वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यात, प्रत्येक वेळी नवा तुकडा घेण्याऐवजी लाळ कामी यावी म्हणून संशोधन चालू आहे. कुठल्या संस्थेने त्या अभ्यासासाठी वडिलांची लाळ मागितली तर जरूर द्या, तिथे ती निदानाची जागा घेत नसते. काहीच वाईट निघाले नाही, पण चट्टा महिनाभराने तसाच असला किंवा वाढला, तर बायोप्सी पुन्हा करायला सांगा, कारण एक छोटा तुकडा सगळ्या चट्ट्याची साक्ष देतोच असे नाही. आणि रिपोर्टच्या कागदाबरोबर स्लाइड व ज्यात तुकडा जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही मागून घरी जपून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात गेलात तर पहिली मागणी त्यांचीच होते.